अडीच किलो व्युत्पत्ती

माझ्या सामाजिक अधःपतनाला कोपऱ्यावरचा रद्दीवाला कारणीभूत आहे. तीन महिन्यांची वर्तमानपत्रं घालायला म्हणून गेलो आणि इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड कोश काखोटीला मारून परत आलो. पुठ्ठा सुटलेला, पहिली चार पानं वाळवीनं खाल्लेली. रद्दीवाल्यानं तो तराजूत टाकला, अडीच किलो भरला, माझ्या रद्दीच्या पैशांतून हिशेब वळता केला आणि म्हणाला, "साहेब, जड माल आहे. जपून न्या." पाठीच्या काळजीनं म्हणाला असावा. पण तेव्हापासून मला कुणी जेवायला बोलवत नाही.

सुरुवात पुतणीच्या लग्नापासून झाली. मुलगा घरी येऊन, पोहे खाऊन, सगळ्यांच्या पाया पडून गेला. दार लागल्या लागल्या वहिनीनं विचारलं, "काय गं, कसा वाटला?" पुतणी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "नाइस आहे." घरात आनंदीआनंद. दादानं तर पंचांग काढलं. मी खुर्चीतून शांतपणे म्हणालो, "नाइस म्हणजे मूर्ख."

मला त्या मुलाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं, शब्दाबद्दल म्हणायचं होतं. पण हा फरक लग्नघरात कुणाला कळत नाही. लॅटिनमध्ये 'नेस्कियुस' म्हणजे अजाण, ज्याला काही कळत नाही असा. त्यातला 'ने' हा आपल्याच 'न'चा भाऊ. फ्रेंचांच्या घरात काही शतकं राहून हा शब्द साधारण १३०० सालच्या सुमारास इंग्रजीत आला, तो 'बावळट' या अर्थानं. मग बावळटाचा झाला लाजाळू, लाजाळूचा नखरेल, नखरेलाचा चोखंदळ, चोखंदळाचा काटेकोर, आणि अठराव्या शतकात कधीतरी 'छान'. पाचशे वर्षांत एका बावळटानं एवढी प्रगती केलेली आमच्या घराण्यात तरी दुसरी नाही. वर गंमत अशी, की 'नेस्कियुस'मध्ये जे 'जाणणं' आहे त्याच धातूपासून 'सायन्स' निघाला. म्हणजे नाइस आणि सायन्स एकाच घरातले. एकाला सगळं कळतं, दुसऱ्याला काहीच कळत नाही.

"असं प्रत्येक घरात असतं," दादा माझ्याकडे बघत म्हणाला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी 'सिली'वर गेलो. सिली म्हणजे जुन्या इंग्रजीत भाग्यवान, पुण्यवान, देवाची कृपा असलेला. पुण्यवान म्हणून निष्पाप, निष्पाप म्हणून बिचारा, बिचारा म्हणून दुबळा, आणि शेवटी खुळा. नाइस वर चढत होता तेव्हा सिली त्याच जिन्यानं खाली येत होता. "तेव्हा पुतणीनं त्याला सिली म्हटलं असतं तर जास्त बरं," असं मी म्हणणार, तोच वहिनी म्हणाली, "भावजी, पोहे घ्या." मला तीन वेळा पोहे वाढण्यात आले. लग्न थाटात झालं. पंगतीत मला बसवलं होतं जनरेटरजवळ.

'बस' या शब्दानं तर माझी झोप उडवली. रोज अर्धा अर्धा तास स्टँडवर मी जिची वाट बघतो ती वस्तू म्हणजे निव्वळ एक विभक्तीचा प्रत्यय आहे, हे आधी कळलं असतं तर रिक्षा केली असती. लॅटिनमध्ये 'ओम्नेस' म्हणजे सगळे. त्याची चतुर्थी 'ओम्निबुस', म्हणजे सगळ्यांना, सगळ्यांसाठी. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये कुणीही भाडं देऊन बसावं अशी मोठी घोडागाडी निघाली, तिला हे नाव पडलं. जॉर्ज शिलिबीर नावाच्या माणसानं १८२९ साली ती लंडनला आणली आणि पॅडिंग्टन ते बँक अशी चालवली. लंडनकर पडले घाईचे. त्यांनी शब्दातला अर्थाचा भाग तेवढा उतरवून टाकला आणि नुसता 'बस' ठेवला. मराठीत सांगायचं तर 'सर्वांना'मधले 'सर्व' गेले, 'ना' राहिला. 'स-ला-ना-ते'मधला 'ना'!

याहून वाईट पुढे आहे. हा 'बुस' आणि आपल्या संस्कृतातला 'भ्यः' हे सख्खे. रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः. ज्या 'भ्यः'पायी मी शाळेत हातावर छड्या घेतल्या, त्याच 'भ्यः'च्या दांडीला लोंबकळून गेली तीस वर्षं कामावर जातोय. परवा कंडक्टर दारातूनच ओरडला, "जागा नाही, मागची बघा!" मी म्हणणार होतो, की मास्तर, या शब्दात 'साठी' एवढाच अर्थ शिल्लक आहे, तोही काढून घेऊ नका. पण त्यानं डबल बेल दिली होती.

बस सोडून लोकल धरावी, तर 'ट्रॅव्हल' आडवा येतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'त्रिपालियुम' नावाचं एक तीन खुंटांचं छळयंत्र होतं. त्यावरून फ्रेंचमध्ये कष्टाचा शब्द झाला आणि इंग्रजीत प्रवासाचा. सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसाला हे कोशात बघावं लागत नाही. तिथे खुंट तीन होते, इथे चौथी सीट आहे, एवढाच काय तो फरक.

गेल्या निवडणुकीत कोशाचा मला फार उपयोग झाला. म्हणजे त्रास झाला, पण वेगळ्या लोकांकडून. 'कँडिडेट' हा शब्द रोममधला. मतं मागायला निघालेला माणूस आपला टोगा खडूनं घासून पांढराशुभ्र करायचा. 'कांदिदुस' म्हणजे शुभ्र, चकाकणारा, आणि आपला चंद्र त्याच कुळातला. दोन हजार वर्षांत धंद्याचा गणवेशसुद्धा बदललेला नाही. खडू जाऊन खळ आली इतकंच. आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा झब्बा तर वळणावर तो दिसायच्या आधी ऐकू येतो. 'अँबिशन' म्हणजे मुळात नुसतं हिंडणं. मतांसाठी या गल्लीतून त्या गल्लीत, याच्या गळ्यात हात टाक, त्याच्या पोराचा गालगुच्चा घे. आपण जिला महत्त्वाकांक्षा म्हणतो ती रोमनांची प्रचारफेरी होती. आणि त्याच धातूवरून मतं विकत घेण्याच्या गुन्ह्याला त्यांच्याकडे 'अंबितुस' म्हणत, त्याविरुद्ध कायदेही होते. कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले, यावरून ते किती पाळले गेले ते समजा.

'इडियट' हा मात्र ग्रीकांचा. त्यांच्याकडे इडियोतेस म्हणजे खासगी माणूस, गावच्या कारभारात नसलेला, आपण बरं आपलं काम बरं म्हणणारा. त्यावरून अडाणी, आणि त्यावरून मूर्ख. मतदानाची सुट्टी जोडून लोणावळ्याला जाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या तीन कुटुंबांना मी हा अर्थ नोटीस बोर्डावर सुवाच्य अक्षरांत लिहून कळवला. पुढच्या सभेत माझ्याकडून नोटीस बोर्डाची किल्ली काढून घेण्यात आली.

पण माझा लाडका शब्द 'मिनिस्टर'. लॅटिनमध्ये 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून मिनिस्टर म्हणजे हाताखालचा, चाकर. उलट 'मागिस' म्हणजे जास्त, त्यावरून 'मागिस्तर' म्हणजे वरचा, गुरू. त्याचाच मास्टर झाला आणि आपण त्याचा मास्तर केला. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर व्युत्पत्तीनं मोठा आणि मिनिस्टर धाकटा. ओळखीच्या एका गुरुजींना हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "याची साक्षांकित प्रत मिळेल का? बदलीच्या अर्जाला जोडतो."

घरी हा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. पण एका रविवारी ही कणीक मळत असताना मी कोश घेऊन ओट्याशी गेलो. म्हटलं, "तू खरी लेडी." ही खूश झाली. मी पुढे वाचलं नसतं तर दुपार बरी गेली असती. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजे पाव. 'लेडी' म्हणजे ह्लाफ मळणारी. कणीक मळणारी बाई, दुसरं काही नाही. राजवाड्यातल्या त्या सगळ्या लेड्या, त्यांच्या त्या टोप्या आणि हातमोजे, मुळात कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या. "आणि लॉर्ड?" हिनं विचारलं. लॉर्ड म्हणजे ह्लाफ राखणारा. भाकरीचा राखणदार. ही हात धुऊन बाहेर जाऊन बसली आणि म्हणाली, "मग लॉर्डसाहेब, गॅलरीतनं मांजर येतं. पोळ्यांच्या डब्याकडे लक्ष ठेवा." त्या दिवसापासून ते खातं माझ्याकडे आहे.

ओट्याशी उभं राहिल्यामुळे आणखी एक शोध लागला. 'एप्रन'च्या पुढे एक 'न' होता, तो चोरीला गेलाय. मूळ शब्द 'नॅप्रन'. पण इंग्रजीत एकेरी वस्तूच्या आधी 'अ' किंवा 'ॲन' लावायची खोड, आणि भरभर बोलताना 'अ नॅप्रन'चा 'ॲन एप्रन' झाला. 'अंपायर'चंही तेच. तो होता 'नंपायर', जोडीत न बसणारा, दोघांच्या भांडणातला तिसरा. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याला बॅटिंगही मिळत नाही आणि बोलिंगही, त्यालाच अंपायर करतात. शब्द इतका मुळाशी इमानदार राहिलेला क्वचितच दिसतो. संत्र्याच्या 'ऑरेंज'नंही संस्कृत 'नारंग'पासून निघून फारसी, अरबी असा प्रवास करत युरोपात कुठेशी आपला 'न' हरवला. हे सगळे 'न' गेले कुठे, असं विचाराल, तर एक 'न्यूट' नावाच्या पाणसरड्याकडे सापडला. तो आधी नुसता 'यूट' होता.

खाली राहणारे नाना हे ऐकून वर आले. नाना निवृत्त आहेत आणि त्यांच्याकडे कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश आहे, दर्शनी कपाटात. जगातला प्रत्येक शब्द आपल्याकडून गेला, असं त्यांचं मत. कोशाचं नव्हे, नानांचं. 'डॉटर' म्हणजे दुहिता, 'नेम' म्हणजे नाम, 'नोज' म्हणजे नासिका, इथपर्यंत मी मान डोलावली, कारण ही भावंडं खरीच. एकमेकांची मुलं नव्हेत, एका जुन्या आजीची नातवंडं. पण नाना आजीवर थांबत नाहीत. "कस्टमर म्हणजे काय? कष्ट-मर! कष्ट करकरून मरतो तो!" मी म्हटलं, तो 'कस्टम'पासून, म्हणजे सवयीनं येणारा. नाना म्हणाले, "तुम्ही बँकेच्या खिडकीपाशी उभे राहा, मग सांगा." याला उत्तर नाही.

नानांना हसायचं कारण नाही. प्रत्यक्ष इंग्रजांतही नाना आहेत. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांच्या बातम्या, हे मला पाचवीत फळ्यावर लिहून दिलं गेलं आणि मी ते वहीत चौकटीत लिहिलं. खरं म्हणजे 'न्यू'चं अनेकवचन, नवीन गोष्टी, बाकी काही नाही. 'पॉश'ची कथा तर आपल्या मुंबईशी जोडलेली. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीची, परतताना उजवी. श्रीमंत लोक तशा केबिनी घेत आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं छापलेली असत म्हणे. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. 'सॅलरी'त मीठ आहे हे खरं, लॅटिन 'साल' म्हणजे मीठच. पण रोमन शिपाई दर एक तारखेला मिठाच्या पुड्या घेऊन घरी जात, याला पुरावा नाही. खाल्ल्या मिठाला जागणं ही कल्पना मात्र आपली.

त्या दिवशी नानांशी वाद घालता घालता एक मात्र पटलं. शब्द कुणाकडून कुणाकडे गेला यापेक्षा दोन ठिकाणच्या माणसांना एकच खोडी सुचली, यात जास्त मजा आहे. नानांचा नातू जिमला जातो. दंड वाकवून, टी-शर्टची बाही वर करून दाखवत होता. 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये 'उंदरुली'. 'मूस' म्हणजे उंदीर, आपला मूषक तोच, आणि त्याचं लाडकं छोटं रूप 'मुस्कुलुस'. कातडीखाली काहीतरी टुणकन हलताना रोमनांना उंदीर दिसला. आपल्याला काय दिसलं? बेडकी! दंडातली बेटकुळी! दोन्हीकडे पैलवानाच्या अंगात एक क्षुद्र प्राणी शिरलाय आणि पैलवानाला पत्ता नाही. नातवाला हे सांगितलं, त्यानं बाही खाली केली.

'क्लू' म्हणजे दोऱ्याची गुंडी. ग्रीक पुराणातला थिसिअस चक्रव्यूहात शिरला तो ॲरिआडनेनं दिलेला दोरा उलगडत, आणि त्याच दोऱ्यानं बाहेर आला. आमच्या पोलिसांना तरी दुसरं काय मिळतं? 'धागेदोरे हाती लागले.' 'विंडो' म्हणजे जुन्या नॉर्वेजियनांच्या बोलीत वाऱ्याचा डोळा, आणि आपला 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. खिडकीला डोळा म्हणायला कुणी कुणाला शिकवलं नाही. 'डिअर' म्हणजे हरीण, पण जुन्या इंग्रजीत कुठलंही जनावर. आणि आपला 'मृग'? तोही आधी कुठलंही रानजनावर होता, म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि माकडाला शाखामृग. जंगलातल्या सगळ्या जनावरांचं नाव दोन्हीकडे शेवटी हरणाच्याच वाट्याला आलं. शिकाऱ्यांची नजर सगळीकडे सारखी.

'अल्जिब्रा' म्हणजे अरबांचं 'अल-जब्र', मोडलेलं जोडणं. स्पेनमध्ये 'अल्हेब्रिस्ता' म्हणजे चक्क हाडवैद्य. ज्या विषयानं माझं काहीतरी कायमचं मोडलं, तो मुळात हाडं बसवण्याचा होता. 'अल्कोहोल' म्हणजे डोळ्यांत घालायची सुरम्याची पूड. पूड बारीक करत करत शुद्ध केलेलं सत्त्व, आणि सत्त्वावरून दारूचं सत्त्व. डोळ्यांतलं घशात गेलं. जास्त झाली की पुन्हा डोळ्यांतच दिसतं.

एवढं सगळं वाचून माझं मत असं झालंय, की शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. मुळावर जायचं ठरवलं तर 'तेल' फक्त तिळाचंच म्हणावं लागेल, आणि शेंगदाण्याच्या तेलाचा डबा घेऊन येणाऱ्या वाण्याला फसवणुकीखाली आत टाकावं लागेल. 'गवेषणा' म्हणजे गायी शोधणं. पीएच.डी. करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या सापडतात. पुतणी म्हणाली तो नाइस बरोबर, मी म्हणालो तो नाइस चूक. हे मी तिला फोन करून सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "काका, आता लग्नाला दीड वर्ष झालं. तुमचा अर्थही बरोबर आहे."

नानांची मात्र समजूत पटेना. आपल्याकडून काहीच गेलं नाही का, म्हणून ते खट्टू झाले. तेव्हा मी त्यांना हॉब्सन-जॉब्सनबद्दल सांगितलं. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या तोंडी जे शब्द बसले त्यांचा हा कोश, हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा, १८८६ सालचा. नाव चमत्कारिक वाटतं, पण ते मोहरमच्या मिरवणुकीतलं आहे. 'या हसन, या हुसेन' हा टाहो गोऱ्या सोजिरांच्या कानाला हॉब्सन-जॉब्सन असा लागला. तसं बरंच काही गेलं. आपली खाट गेली, तिची 'कॉट' होऊन आली, आणि फर्निचरच्या दुकानात आपण ती तिप्पट पैसे देऊन घेतली. आपल्या मुंबईतल्या डोंगरीचं जाडंभरडं कापड गेलं, ते खलाशांच्या अंगावर 'डंगरी' झालं. लूट गेली. ती तर शब्दासकट गेली.

"पण मराठी?" नाना म्हणाले. "खास मराठी?"

मी अडीच किलो उघडले. 'मंगूस.' सापाशी लढणारा, कोकणातल्या परसात आडवा गेला की आजी शुभशकुन म्हणायची तो. इंग्रजांनी हा शब्द सतराव्या शतकात उचलला, आणि कोश स्पष्ट म्हणतो, मराठीतून. पुढे त्यांच्या लिहिणाऱ्यांना शेपटाकडे 'गूस' दिसला, म्हणजे बदकाचा थोरला भाऊ, आणि त्यांनी स्पेलिंगही तसंच करून टाकलं. मुंगसाचा बदकाशी काही संबंध नाही, अंडी खाण्यापलीकडे.

नानांनी ते पान तीनदा वाचलं, त्याची झेरॉक्स काढून आणली आणि आपल्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवली. आता तिकडून जाणाऱ्या पोरांना थांबवून विचारतात. गूसचं अनेकवचन गीस, पण मंगूसचं मंगीस म्हणाल तर मार्क जातील, मंगूसेस म्हणायचं. आपल्याकडे सोपं आहे. एक मुंगूस, दोन मुंगसं.